घरच्या कॅचरचे मार्क

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. अमरावतीच्या वानखडे मास्तरांच्या घरात मात्र ती उलटी होती. मास्तर शाळेत पीटी शिकवायचे, मुलींची सॉफ्टबॉलची टीम चालवायचे, आणि त्यांचीच मुलगी शैलजा त्या टीमची कॅचर होती. जिल्ह्याच्या फायनलला मास्तरांनी तिला बाहेर बसवलं. का, तर उद्या कुणी म्हणायला नको, मास्तरांची पोर म्हणून घेतली. शैलजा रडली नाही. उलट पुढची कितीतरी वर्षं हा किस्सा ती लोकांना कौतुकानं सांगत राहिली. याला तत्त्व म्हणायचं की खोड, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत पुढे येईलच.

लग्न होऊन ती कतारला, दोह्याला आली. नवरा देवव्रत पुण्याचा, गॅस कंपनीत इंजिनियर, घर अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये. इथल्या मराठी मंडळींना क्रिकेट सोडून दुसरा खेळ ठाऊक नाही. शैलजा मुलांना बेसबॉल शिकवते म्हटल्यावर मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलं होतं, "म्हणजे ते आपलं लगोरीसारखं का हो?" शैलजा हसली होती. मनातून मात्र भडकली होती.

अल रय्यानच्या मैदानावर दर शनिवारी मुलांची लीग चाले. धाकट्यांचा गट मायनर, मोठ्यांचा गट मेजर. ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायचा, एप्रिलच्या उन्हाआधी संपायचा, आणि मध्यावर, जानेवारीत, मायनरमधल्या चांगल्या पोरांची पाहणी व्हायची. मेजरमध्ये जागा रिकामी असली तर त्यातून एखादं वर जायचं.

यंदा जागा रिकामी होती ती नेमकी कॅचरची. मेजरच्या कॅचरच्या वडिलांची बदली झाली आणि नाताळच्या आधीच ते कुटुंब सामान आवरून कतार सोडून गेलं. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसणारा. बॉल अडवायचा हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं त्याहून अवघड. पहिल्या बेसवरचा गडी दुसरा बेस चोरायला पळाला, की बसल्या जागेवरून उसळायचं आणि त्याच्याआधी बॉल तिथं पोचवायचा. हे ज्याला जमतं तो कॅचर, बाकीचे नुसते मुखवटा घातलेले.

मायनरमध्ये हे जमणारे दोघंच होते. एक मुऐदर भागात राहणारा जेसन, वसईच्या मेरी नर्सचा मुलगा. दुसरी ईरा, वय वर्षं बारा, शैलजाची मुलगी. ईरानं या जागेसाठी दोन सीझन वाट पाहिली होती. डिसेंबरात आत्याच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं, तर प्रॅक्टिस बुडेल म्हणून ती शेजारच्या अनुष्कामावशीकडे राहिली, पण गेली नाही. तिला जगात सध्या एवढी एकच गोष्ट हवी होती.

पाहणीला तीन परीक्षक होते. लीगचा प्रमुख सायमन डाबरे, तोही वसईचा, हॉस्पिटलात हिशेब खात्यात. लाहोरचा बशीर, कॉलेजात बेसबॉल खेळलेला. आणि शैलजा, पहिल्यांदाच. त्या शनिवारी सकाळी मैदानावर वारा सुटला होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून बशीरनं त्यावर करक चहाचा थर्मास ठेवला होता.

"शैलजाताई," सायमन म्हणाला, "ईराची टर्न आली की तुम्ही जरा बाजूला बसा. आम्ही दोघं मार्क देतो, त्याची सरासरी घेऊ. पालकांसाठी तसा रूलच आहे."

"रूल सक्तीचा आहे का?"

"सक्तीचा असा नाही. पण..."

"मग मी बसणार. माझ्या मुलीला मी मार्क दिले तर कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही बघालच."

सायमननं मान हलवली. त्याला वाटलं, बाई कडक आहे. बाई कडकच होती, पण कडकपणा आणि खरेपणा ही दोन वेगळी भांडी आहेत, हे तिला अजून कळायचं होतं.

प्रत्येकाला दुसऱ्या बेसवर पाच बॉल टाकायचे होते. जेसनचे पाचही बरे गेले, त्यातले तीन झकास. मग ईरा बसली. पहिला बॉल सरळ दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये. दुसराही. तिसरा जरा डावीकडे, पुढचे दोन परत ग्लोव्हमध्ये, तेही गुडघ्याच्या उंचीला, जिथं पळणाऱ्याला टिपायचं असतं तिथंच. बशीरच्या तोंडून "वाह" निघून गेलं.

शैलजाच्या छातीत काहीतरी भरून आलं. तिच्या हातून असे बॉल ऐन भरातसुद्धा गेले नव्हते. आणि ते भरून आलं त्याच क्षणी ती घाबरली. तिला पाठीमागच्या पायऱ्यांवर बसलेले सगळे पालक दिसायला लागले. मेरी, बाकीच्या आया, त्यांचे नवरे. एकही जण तिच्याकडे बघत नव्हता, हा भाग वेगळा. तिनं पेन उचललं. दहापैकी नऊ, हे मनानं सांगितलं. हातानं पाच लिहिले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण या लीगची पद्धत अशी, की प्रत्येक परीक्षकानं मुलाला तिथल्या तिथं एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट सांगायची. ईरा मुखवटा काढून टेबलापाशी आली. सायमन म्हणाला, पाय छान हलतात, बॉल ग्लोव्हमधून काढायला किंचित वेळ लागतो. बशीरनंही तेच सांगितलं. मग ईरानं आईकडे पाहिलं. त्या दोघांचं तिनं ऐकलं होतं, पण वाट ती आईच्या शब्दाची बघत होती.

पाच मार्कांना कारण तर हवं.

"कोपर खाली येतंय," शैलजा म्हणाली. "खांद्याच्या वर ठेव."

"अँड द गुड थिंग?"

"हेल्मेट नीट घातलंस."

ईरा "ओके" म्हणून गेली. बशीर तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. तो हळूच म्हणाला, "बाजी, कोहनी तो मुझे ठीक लगी."

"मेरी बेटी है, मैं जानती हूँ," शैलजानं त्याला गप्प केलं. घरी जाताना गाडीत तिला जरा अस्वस्थ वाटत होतं, पण त्यालाच ती समाधान समजली.

पाहणीचा दुसरा भाग पुढच्या शनिवारी होता. तो आठवडा ईरानं कंपाउंडच्या मागच्या भिंतीपाशी काढला. शाळेतून आली की दप्तर टाकायचं, भिंतीवर खडूनं काढलेल्या चौकोनावर बॉल मारत सुटायचं. कोपर वर, आणखी वर. सोमवारी बॉल चौकोनाच्या वर लागायला लागले. बुधवारी तर भिंतीवरून पलीकडे पडले आणि ती शेजारच्या बागेतून ते गोळा करत बसली.

देवव्रत ऑफिसातून येताना थांबून बघत राहिला. आत येऊन म्हणाला, "अगं, ही आधी बरी टाकत होती ना? आता हे काय चाललंय?"

"नवीन सवय लागायला वेळ लागतो."

"तूच शिकवलेली जुनी सवय होती ती. त्यात काय बिघडलं होतं?"

शैलजानं कुकरची शिटी काढली. गुरुवारी ईरा उजवा खांदा चोळत जेवायला बसली. मलम लावताना शैलजाच्या तोंडावर शब्द आले होते, की बाळा, सोड, तुझं कोपर ठीकच आहे. पण मग पाच मार्कांचं काय? सायमन काय म्हणेल, बशीर काय म्हणेल, आणि ज्या लोकांनी काहीच म्हटलं नव्हतं ते काय म्हणतील? तिनं मलमाचं झाकण लावलं. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणूनच बोलवत नव्हतं. माणूस स्वतःच्या बाबतीत एवढा मूर्ख होऊ शकतो.

शनिवार आला. जेसननं पाच टाकले, मागच्यासारखेच बरे. मग ईरा.

पहिला बॉल दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या डोक्यावरून थेट सेंटर फील्डमध्ये गेला. दुसरा उजवीकडे भरकटला. तिसरा अर्ध्यावरच आपटला. पायऱ्यांवर कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पण शैलजा बॉल बघतच नव्हती. ती पोरीला बघत होती. प्रत्येक बॉल सुटल्यावर ईरा बॉल कुठं गेला ते पाहायचं सोडून मान वळवून स्वतःच्या कोपराकडे बघत होती. आईनं सांगितल्याइतकं वर आहे ना, एवढंच तपासत होती. बॉल गेला चुलीत. आईचं वाक्य पाळलं जातंय ना, बस.

चौथा गेला. पाचवा गेला. ईरानं मुखवटा काढला. चेहरा घामानं ओला होता.

शैलजा उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचललीसुद्धा नाही. मैदानात जाऊन ती प्लेटपाशी, बॅटर उभा राहतो त्या पाटीपाशी, मुलीसमोर उभी राहिली.

"तुझं कोपर बरोबर होतं," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी. पहिल्यापासूनच बरोबर होतं."

"व्हॉट?"

"मी खोटं बोलले."

ईरा तिच्याकडे बघत राहिली. "यू सेड एल्बो. आय डिड इट द होल वीक. माय शोल्डर हर्ट्स, आई."

"माहितेय."

"व्हाय वुड यू डू दॅट?"

"तू माझी आहेस म्हणून. लोक म्हणतील आईनं वर चढवली, म्हणून मी तुला खाली ढकललं. नऊचे पाच केले. आणि मग ते पाच खरे दिसावेत म्हणून तुझ्यात दोष काढला."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली आणि हातातला बॉल फिरवत राहिली.

शैलजा वळली आणि टेबलापाशी आली. आता पायऱ्यांवरचे सगळे खरोखरच तिच्याकडे बघत होते. पण थांबायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. तिनं आपले दोन्ही शनिवारचे कागद सायमनपुढे सरकवले.

"ईराचे माझे मार्क रद्द करा. ते खोटे आहेत. तुमचा रूल बरोबर होता, मीच आगाऊपणा केला. आणि तिला परत टाकू द्या. पाच बॉल."

सायमननं चष्मा काढला. "मार्क काढतो. पण परत टाकायला देणं... ताई, बाकीच्या पोरांना काय सांगू? कुणाच्या आईनं येऊन मागितलं म्हणून..."

"होय, आईनं येऊन मागितलं म्हणून. मी मागतेय. आयुष्यात पहिल्यांदा मागतेय, सायमन. आज जे बॉल गेले ते तिचे नाहीत, माझे आहेत."

बशीर थर्मासचं झाकण उघडून बंद करत राहिला. तेवढ्यात पायऱ्यांवरून मेरी खाली उतरली. रात्रपाळी करून थेट मैदानावर आली होती, अंगात अजून हॉस्पिटलचे कपडे होते.

"टाकू दे रे तिला," ती सायमनला म्हणाली. "पोरीला चुकीचं औषध दिलं तर तपासणी परत नको करायला? माझा जेसन चांगला असेल तर तसाही राहील. नसेल तर मला त्याला फुकट वर पाठवायचा नाहीये."

"जेसनला पण विचारायला पाहिजे."

"विचारलं मी. तो ओके म्हणतो. त्याला पण बघायचंय."

सायमननं हात पसरले. "यल्ला, चला. पाच बॉल."

शैलजा धावतच प्लेटपाशी गेली. "ईरा, बस. परत टाकायचं. तुझ्या जुन्या पद्धतीनं."

ईरानं मान हलवली. "नो."

"म्हणजे?"

"जेसन थ्रू वन्स टुडे. आय थ्रू वन्स. आय डोन्ट वॉन्ट स्पेशल. पीपल विल से माय मॉम डिड इट."

शैलजाला कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं झालं. वानखडे मास्तरांचं वाक्य तिसऱ्या पिढीत पोचलं होतं, आणि तेही अस्सल इंग्रजीत. पोरीनं हनुवटी वर केली होती, नजर ताठ होती. दिसायला हे किती करारी दिसतं, आणि आत किती भिकार असतं, हे शैलजाइतकं त्या मैदानावर कुणाला ठाऊक नव्हतं. ती चिडली. मुलीवर नाही. चिडली, की तिची पुण्याच्या सासरी कमावलेली भाषा गळून पडायची.

"म्हणू दे! काय म्हणायचं ते म्हणू दे लोकाइले! हे तत्त्व नोहे, ईरा, हा रोग हाय. मले झाला, तुले मी देऊन राह्यली. कायले घेतं तू? नको घेऊ!"

ईरा दचकली. आईला असं बोलताना तिनं फक्त फोनवर ऐकलं होतं, तेही मामाशी भांडताना.

"तुह्यासाठी मी मागून राह्यली," शैलजाचा आवाज चिरकला. "तुह्यावर अन्याय झाला म्हणून. अन् माही पोरगी हायेस म्हणून बी. होय, म्हणून बी! मिळते ते घे. बस खाली."

ईरानं एकदा जेसनकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले आणि अंगठा वर केला. तिनं मुखवटा चढवला आणि बसली.

पहिला बॉल परत वरून गेला. आठवडाभराची सवय एका हुकमानं सुटत नाही. दुसरा जमिनीवर आपटून घरंगळत पोचला. शैलजानं तोंड उघडलं आणि घट्ट मिटलं. सांगण्यासारखं काही नव्हतं, पोरीनं स्वतःच शोधायचं होतं. ईरानं हात दोनदा झटकला, श्वास सोडला. तिसरा गेला तो सरळ, ग्लोव्हमध्ये, गुडघ्याच्या उंचीला. चौथा तसाच. पाचव्याचा आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू आला.

बशीर आणि सायमननं मार्क मांडले, दोघांच्या दोन्ही शनिवारच्या कागदांची बेरीज केली, ती परत तपासली. सायमन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"जेसन," तो म्हणाला. "एका मार्कानं. गुड जॉब, बोथ ऑफ यू."

मेरीनं मुलाला जवळ घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून शैलजाकडे पाहिलं. त्या नजरेत माफी मागण्यासारखं काही नव्हतं, आणि नसावंच. ईरानं जाऊन जेसनचा हात हातात घेतला, "कॉन्ग्रॅट्स" म्हणाली, पॅड सोडवली, बॅग भरली. हे सगळं तिनं नीट, सावकाश केलं.

गाडीत बसल्यावर शैलजानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"आय वुड हॅव मेड इट," ईरा समोर बघत म्हणाली. "इफ यू हॅड जस्ट... राइट?"

खोटं बोलायला जागा होती. कुणास ठाऊक, जेसनही चांगला आहे, खेळात असं होतं, पुढच्या वर्षी बघू. यातलं कुठलंही वाक्य चाललं असतं. शैलजानं एकही घेतलं नाही.

"होय. तूच गेली असतीस. माझ्यामुळे राहिलीस."

ईरा रडली. चांगली मोठ्यानं, नाक ओढत, दार गुडघ्यानं ढोसत. शैलजानं तिला थांबवलं नाही, हात लावायला गेली नाही. तो हक्क आज आपण गमावलाय, हे तिला कळत होतं. पार्किंगमधून एकेक गाडी निघून गेली. मैदानावरचा माणूस बेस उचलून पोत्यात भरत होता.

बऱ्याच वेळानं ईरानं बाहीनं तोंड पुसलं.

"सायमन अंकल सेड आय ॲम स्लो टेकिंग द बॉल आउट. इज दॅट ट्रू? ऑर इज दॅट ऑल्सो..."

"ते खरं आहे. तुझी बोटं बॉलवर शिवण शोधत बसतात. शोधायची नसते, मिळेल तसा पकडायचा आणि सोडायचा."

"कॅन इट बी फिक्स्ड?"

"महिन्याभरात. रोज केलं तर."

"देन रोज." ईरानं सीटबेल्ट ओढला. "आफ्टर स्कूल. नॉट द वॉल. यू स्टँड ॲट सेकंड अँड कॅच."

"उभी राहीन."

"अँड व्हेन इट्स गुड, यू से इट्स गुड."

"सांगेन."

"नॉट लाइक धिस. नॉट इन द कार." पोरीचे डोळे अजून लाल होते, पण हनुवटी पुन्हा वर आली होती. "लाउडली. सो पीपल कॅन हिअर."

शैलजानं मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं, की मान डोलावून भागणार नाही. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला बशीर थर्मास गाडीत ठेवत होता, सायमन फोनवर बोलत होता, मेरी जेसनची बॅग डिकीत कोंबत होती. शैलजानं खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि छातीत होती तेवढी हवा लावून ओरडली,

"माझी ईरा फार छान टाकते!"